टेकडी लोकांसाठी खुली करायचीय? मग आधी बंद करा

तुमच्या वॉर्डात अजून एखादी टेकडी, एखादं रान शिल्लक असेल आणि ते "जनतेसाठी खुलं" करायचं तुमच्या मनात आलं असेल तर आधी अभिनंदन. सातारकर आजवर अजिंक्यताऱ्यावर, यवतेश्वराला, कुरणेश्वराला नुसते चालत गेले, कुणी खुलं करून दिलं म्हणून नाही, पाय आहेत म्हणून. आता हे काय बरोबर नाही राव. ज्या जागेची फीतच कापली नाही तिथं माणसानं जायचं तरी कुठल्या तोंडानं?

म्हणून पहिलं काम जाळी मारायचं. टेकडीवर चार बाजूंनी पायवाटा येत असतील तर त्या सगळ्या बंद करून एकच गेट ठेवा आणि तेही जिथं चारचाकी लागते तिथंच, पलीकडच्या वस्तीतल्या लोकांनी सगळा वळसा घालून यावं, नाहीतरी फिरायलाच येतात ना, मग तेवढंच जास्त फिरणं होईल. फिरणारे पहाटे साडेपाचला येतात म्हणून गेट आठला उघडा. किल्ली अशा माणसाकडे द्या ज्याचा पोरगा पुण्याला असतो आणि जो महिन्यातून दोनदा पोराकडे जातो.

जाळीला कुणी आडवा आला तर काहीही सांगा, फक्त कासचं नाव काढू नका. तिथं जाळी मारून झालीय. कास पठार 2012 ला पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेलं, गर्दी एवढी वाढली की ऑनलाइन बुकिंग करून फुलं बघायची वेळ आली, कुंपण घातलं, आणि कुंपणानं गर्दीचं काय व्हायचं ते होवो पण गुरं मात्र थांबली. गुरं थांबल्यावर गवत माजलं, त्या गवतात बारकी बारकी फुलं दबायला लागली, अभ्यासक बोंबलायला लागले आणि शेवटी ती जाळी काढायला लागली. गुरं चरली की गवत आटोक्यात राहतं आणि फुलाला ऊन मिळतं हे गुराख्याला आधीच माहीत होतं हो, पण त्याला मीटिंगला बोलावतंय कोण, त्याच्याकडे प्रेझेंटेशन नव्हतं.

आता सुशोभीकरण. हा शब्द फाईलवर आला की समजायचं झाडांचं काय खरं नाही. करवंदाच्या जाळ्या आधी साफ करा, काटे असतात, फोटोत चांगलं दिसत नाही, आणि मे महिन्यात त्याच जाळ्यातली करवंदं पानाच्या द्रोणात घालून विकणाऱ्या बायका काय करतील हा प्रश्न आपल्या अंदाजपत्रकात बसत नाही. मग पेव्हर ब्लॉक टाका, स्टीलचं रेलिंग लावा, सेल्फी पॉइंट तर पाहिजेच. झाडं लावायची हौस असेल तर गिरिपुष्प लावा. फांदी खोचली की जगतं, झपाट्यानं हिरवं दिसतं, मूळचं परदेशातलं आहे ते कुणी विचारत नाही. वड, उंबर लावायच्या भानगडीत पडू नका, त्यांना मोठं व्हायला वेळ लागतो आणि तोवर तुमची टर्म संपते. वृक्षारोपण 5 जूनलाच करा, पाऊस आला नसला तरी. रोपं वाळली तर वाळली, पुढच्या वर्षी खड्डा आयताच मिळतो.

रॅम्प पण करा बरं का, व्हीलचेअरवाल्यांसाठी. फक्त रॅम्प जिथं संपतो तिथं मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून लोखंडी फिरतं फाटक बसवा. व्हीलचेअर त्यातनं जात नाही, पण मोटारसायकल कशी जाते ते पोरांना बरोबर माहीत असतं.

ज्यांच्याकडे टेकडी नाही त्यांनी नाराज होऊ नये. थोडीशी का होईना, लेआउट मोठा असला की सोडलेली जागा असतेच. 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत 4000 चौरस मीटर आणि त्याच्यावरच्या लेआउटला 10 टक्के मोकळी जागा ठेवायला सांगितलीय. तिथं एक छोटं मंदिर, मंदिराला सभामंडप, मंडपाला भांडी ठेवायची खोली, खोलीला कुलूप. पोरं क्रिकेट कुठं खेळतात? रस्त्यावर. पोरं रस्त्यावर खेळतात म्हणून तक्रार कोण करतं? त्याच मंडपात बसलेले काका. सगळं कसं जिथल्या तिथं.

एवढं करून एक अडचण उरतेच. पंधरा दिवसांत जाळीला मागच्या बाजूनं भगदाड पडतं. आधी पोरं वाकून जातात, मग ते जरा मोठं होतं आणि सरपणाची मोळी घेऊन आजीबाई पण त्यातनं ये-जा करायला लागतात, पहाटेचे फिरणारे तिथनंच, आणि गेटवर चिटपाखरू नसतं. घाबरू नका. भगदाड बुजवायच्या कामाचं टेंडर वेगळं काढा.