वादी गैरहजर

कोर्टाच्या आवारातच होतो मी. अर्जाला तिकीट लावायचं राहिलं म्हणून वकिलांनी स्टॅम्पवाल्याकडे पिटाळलं, ते स्वतः दुसऱ्या कोर्टात उभे, आणि तेवढ्यात आमचा पुकारा झाला. वडिलांनी घातलेला बांधाचा दावा ‘वादी गैरहजर’ म्हणून काढून टाकला. दोन गुंठे, म्हणजे २१७८ चौरस फूट. साताऱ्यात एवढ्यात बंगला बसतो. आमच्याकडे एक बाभूळ आणि दोन वकिलांचे संसार बसले.

बातमी सांगायला प्रतिवादी स्वतः आले. प्रतिवादी म्हणजे तात्या, वडिलांचे चुलतभाऊ. चेहरा असा पाडलेला, की मला वाटलं तेच हरले.

"लेका, कुठं उलथला हुतास? तीनदा पुकारलं. आन् मी मुडद्यानं ‘हजर’ म्हनलं!"

"मग, जिंकलात की तात्या."

"जिंकलो कसला! नियम आठ लागला. प्रतिवादी हजर, वादी गैरहजर. आता त्याच कारणावर नवा दावा टाकता येत न्हाई तुला. मीबी भायेर थांबलो असतो तर नियम तीन लागला असता, नवाकोरा दावा आला असता. वकिलानं ढकललं मला आत." वकीलसाहेबांनी तर कंदी पेढे आणायला माणूससुद्धा धाडला होता. तात्या तिकडे बघायला तयार नव्हते. "घरी बसून करू काय? म्हातारी ऊस खुरपायला लावंल."

मोजणी झाली तेव्हाही हेच. भूमी अभिलेखवाल्यांनी हद्दीचे दगड रोवले, मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत दिली. पुढच्या पेरणीला दगड तात्यांच्या गोठ्याच्या भिंतीत. विचारलं तर म्हणाले, "जपून ठेवल्यात."

पण चीड तात्यांची नाही येत. साहेब रजेवर, साहेब प्रशिक्षणाला, तात्यांचे वकील आजारी: प्रत्येक वेळी रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, नुसती पुढची तारीख. सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये असं १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत छापलंय म्हणे. कायदा आमच्या आजोबांच्या वयाचा, त्याला तरी काय काय आठवणार! माझा खाडा मात्र त्याला बरोबर सापडला. ऊन खात, एसटीत उभं राहून, पगार कापून आलेला माणूस रोजनाम्यात गैरहजर, आणि ते वाचायला नक्कल हवी तर परत तिकीट लावून अर्ज.

"दावा परत उघडायला तीस दिवसांत अर्ज टाक," तात्यांनी खांद्यावर हात ठेवला. "सबळ कारण लागतं. जुलाब लिही."

"मी इथंच होतो, तेच लिहीन."

"त्ये कोन मानतंय! जुलाबाची उलटतपासणी कुनी घेत न्हाई. मी हरकत घेनार न्हाई. म्हंजे, घेईन थोडी. वकिलाला फी दिलीया."

"बरं."

"आन् तारीख सोमवारची घिऊ नगंस. सोमवारी माझा उपास असतो, कँटीनची भजी चालत न्हाईत."