दुसऱ्या फेरीची माया

आपल्या मंडळीत येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट ऐकली नाही असं लेकरू सापडणार नाही. नाताळच्या कार्यक्रमात तिचं नाटुकलं होतं. लुटारूंनी मारून वाटेत टाकलेला माणूस पाहूनही याजक निघून जातो, मंदिराचा सेवक लेवी निघून जातो, मग परका शोमरोनी येतो, जखमा बांधतो, टाळ्या पडतात आणि पडदा पडतो. मला मात्र त्यानंतरचं एकच वचन सोडत नाही, बायबलमधलं लूक १०:३५. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या माणसाला चांदीची दोन नाणी देतो, याची काळजी घे म्हणतो आणि जास्तीचा खर्च मी परत आल्यावर फेडीन असा शब्द देतो. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातल्या मळ्यात दिवसभराची मजुरी एक नाणं होती. म्हणजे दोन दिवसांची कमाई, शिवाय परत येण्याची जबाबदारी, आणि तीही ज्याचं नावगाव ठाऊक नाही अशा माणसासाठी.

मला वाटतं, ख्रिस्ती प्रीती या दुसऱ्या फेरीत दिसते. पहिल्या फेरीला तर सगळेच जातात. कुणाच्या घरी माती झाली की आठवडाभर घर भरलेलं असतं, डबे येतात, प्रार्थना होतात. महिन्यानंतर त्या घरातली बाई एकटीच बँकेत वारसाचा फॉर्म घेऊन उभी असते आणि कुठे सही करायची ते तिला कळत नाही. त्या दिवशी तिच्या शेजारी उभं राहणं ही मला कितीतरी लांबलचक प्रार्थनांइतकीच मोलाची सेवा वाटते. आपल्या घरी धुणंभांडी करणाऱ्या मावशी तापाने पडल्या तर त्यांचा पगार न कापणं, वर जाऊन बघून येणं, हीसुद्धा तीच सेवा.

मी मिरजेची. आमच्या गावाला हे वेगळं शिकवावं लागू नये. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय उभं केलं. त्यांच्या नावाची वानलेसवाडी आजही सांगलीच्या वाटेवर आहे. आमच्या किती घरांतल्या आज्या-आत्या नर्स झाल्या! रोग्याचं अंग पुसणं, वेळेवर औषध देणं, रात्री उठून बघणं, ही कामं त्यांनी भक्ती म्हणून केली. आजही दक्षिण महाराष्ट्रातून आणि पलीकडून, कर्नाटकातल्या अथणी-रायबागकडून, माणसं उपचारासाठी इथे येतात. पेशंट आत असतो आणि नातेवाईक बाहेर पायरीवर. त्यातल्या अनेकांना मराठी वाचता येत नाही, रक्त कुठून आणायचं ठाऊक नसतं, केसपेपर घट्ट धरून बसलेले असतात. त्यांना डबा हवाच असतो, पण त्याहून जास्त हवं असतं ते कन्नडमध्ये बोलणारं आणि उद्या पुन्हा येणारं माणूस.

एक गोष्ट स्पष्टच लिहिते, काहींना आवडणार नाही. हातात डबा द्यायचा आणि डब्याखाली धर्मप्रचाराची पत्रिका सरकवायची, हे मला पटत नाही. भुकेला माणूस नाही म्हणू शकत नाही. अशा वेळी त्याच्यासमोर काही ठेवणं म्हणजे त्याच्या अडचणीचा फायदा घेणं. फोटोचंही तेच. बिस्किटाचा पुडा घेताना खाली गेलेली मान फेसबुकवर टाकायला आपल्याला कुणी सांगितलं? प्रभूने तर उजव्या हाताचं दान डाव्यालाही कळू देऊ नका म्हटलं. त्याने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकटाच परत आला. उरलेले नऊ कुठे आहेत, असं प्रभूने विचारलं जरूर, पण त्यांचं बरेपण काढून घेतलं नाही. कुणी आपणहून विचारलं, ‘ताई, तुम्ही हे का करता?’ तर जरूर सांगावं, मनापासून सांगावं. मीही सांगते.

आमच्यातल्या काही बायका आठवड्यातून एक दुपार रुग्णालयांबाहेर जाऊन बसतात. पैशांची अडचण नाही, माणसांची आहे. मिरज-सांगलीत राहणारं, कन्नड बोलता येणारं आणि पुढच्या आठवड्यातही येईन असा शब्द देऊ शकणारं कुणी असेल, तर रविवारी उपासनेनंतर मला भेटा. कोणत्या मंडळीचे, कोणत्या धर्माचे, हे मी विचारणार नाही.