रेसची पुस्तकं कशी पारखायची : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

घोड्यांच्या रेसवर पैसे कसे लावायचे ते शिकवणाऱ्या जुन्या पुस्तकांवरचा माझा लेख वाचून तुम्ही एवढं मोठं लिहिलंत. चाळीस वर्षं मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर जाणाऱ्या माणसाच्या आक्षेपांना दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं : ज्याला खरंच घोडे कळतात तो पुस्तक लिहीत बसत नाही, खेळून कमावतो. अमेरिकेतली पुस्तकं आपल्याकडे निरुपयोगी. आणि मी स्वतः किती कमावले ते सांगितलंच नाही, मग पुस्तकांना बरं-वाईट ठरवणारा मी कोण?

शेवटचं आधी घेतो. मी कमावलेलं नाही. सगळ्या सीझनचा हिशेब मांडला तर तोट्यातच आहे आणि हे लेखातच सांगायला हवं होतं, ही तुमची तक्रार मान्य. पण माझ्या खिशावरून पुस्तक पारखू नका. एक जॅकपॉट लागला की भिकार पुस्तकही सोन्याचं वाटायला लागतं.

फोर्टच्या फुटपाथवर घेतलेलं एक जाडजूड पुस्तक माझ्याकडे आहे. आधीच्या मालकाने शिसपेन्सिलीने प्रत्येक उदाहरणापुढे बरोबरची खूण केली आहे. मी एक रविवार घालवून ती सगळी उदाहरणं तपासली. एकूण एक घोडा जिंकलेला! हरलेला एकही नाही. पुस्तकाचा नियम असा की घोडा गेल्या २१ दिवसांत धावलेला हवा, मागच्या वेळी पहिल्या चारात हवा, आता पाठीवर द्यायचं वजन कमी झालेलं हवं, जॉकी तोच हवा. ऐकायला पटतं. पण प्रत्येक अट कुठून आली ते बघा. जुन्या निकालांत जो घोडा आडवा आला, त्याला वगळायला एक अट वाढवली. झालेल्या रेसवर असा नियम कोणीही बसवू शकतो. म्हणून मी तो वहीत उतरवला आणि घरातून निघण्यापूर्वी, पहिली रेस सुटायच्या आत, त्या दिवशीचे घोडे लिहायला लागलो. रेसनंतर खाडाखोड करायची नाही, एवढाच दंडक. सीझन संपेपर्यंत नियमात दम उरला नाही.

आता भावाचं, म्हणजे घोडा जिंकल्यावर किती पैसे मिळतात त्याचं. 'आमचे ३० टक्के घोडे जिंकतात' असं बऱ्याच पुस्तकांत छातीठोकपणे लिहिलेलं असतं. शंभर रेसमध्ये दहा-दहा रुपये लावले, तीस जिंकले आणि टोटचा (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटायची पद्धत) सरासरी डिव्हिडंड, म्हणजे दहा रुपयांमागे हातात येणारी रक्कम, ३० रुपये मिळाला, तर हजाराचे नऊशे होतात. तोच डिव्हिडंड ३५ असता तर एक हजार पन्नास. म्हणजे नुसतं 'तीस टक्के' सांगणाऱ्या पुस्तकाने काहीच सांगितलेलं नाही. त्यात टोटवर लावलेल्या रकमेवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. पन्नास वर्षांपूर्वीच्या अमेरिकन लेखकाच्या गणितात हे कुठून येणार? तेव्हा ते गणित जसंच्या तसं उचलू नका, हे तुमचं म्हणणं खरं आहे.

पण सगळंच टाकाऊ, हे पटत नाही. अमेरिकेतले रेसिंगचे स्तंभलेखक अँड्र्यू बेयर यांनी १९७५ च्या पुस्तकात घोड्याची वेळ मोजताना त्या दिवशीचा ट्रॅक जलद होता की संथ, हे आधी वजा करायला शिकवलं. तिकडच्या बऱ्याच रेस मातीवर होतात आणि घोडे सुरुवातीपासून सुसाट सुटतात. आपल्याकडे हिरवळ. लांब पल्ल्याच्या रेसमध्ये जॉकी घोडा राखून ठेवतात आणि शेवटच्या चारशे मीटरवर झुंज लागते, त्यामुळे एकूण वेळ बरेचदा फसवते. बेयर यांचे वेगाचे आकडे म्हणूनच इथे चालत नाहीत. पण त्या दिवशीच्या सगळ्या रेसच्या वेळा त्या-त्या क्लासच्या (घोड्यांच्या दर्जानुसार पाडलेल्या गटाच्या) नेहमीच्या वेळांशी ताडायच्या आणि पेनेट्रोमीटरचं, म्हणजे ट्रॅक किती मऊ आहे ते मोजणाऱ्या उपकरणाचं, रीडिंग शेजारी लिहायचं, ही रीत महालक्ष्मीलाही लागू पडते. बाराशे मीटरच्या रेसमध्ये तर मला तिचा खरोखर उपयोग झाला. नापास घोडे लवकर ओळखता यायला लागले.

आणि जिंकणारा लिहीत नाही, या मुद्द्यावर बिल बेंटर या व्यावसायिक अमेरिकन जुगाऱ्याचं उदाहरण देतो. हाँगकाँगमध्ये संगणकाच्या मदतीने प्रचंड पैसा कमावल्यावर १९९४ मध्ये त्यांनी आपली पद्धत शोधनिबंधात मांडली. अंतिम आकडे आणि वर्षानुवर्षं जमवलेली माहिती अर्थात स्वतःकडेच ठेवली. त्या निबंधातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी स्वतःच्या अंदाजात लोकांनी ठरवलेला भाव मिसळला. नुसत्या आपल्या हुशारीवर विसंबले नाहीत. रिंगमधल्या, म्हणजे बुकींच्या आवारात पैसे लावणाऱ्या, गर्दीला काहीतरी कळतं, हे प्रामाणिकपणे कबूल करणारी पुस्तकं फार थोडी.

मात्र तुमच्या आक्षेपात एक खोल गोष्ट दडलेली आहे. चांगली युक्ती छापली गेली की ती सगळे वापरतात, घोड्याचा भाव पडतो आणि युक्तीतला फायदा आटतो. बेयर यांचे आकडे १९९२ पासून तिकडच्या रेसिंगच्या रोजच्या पेपरात छापून यायला लागले, मग ज्याला-त्याला तोच घोडा दिसणार. याचा विचार मी लेखात केलाच नव्हता. पुढच्या वेळी कुठलंही पुस्तक सुचवताना त्यातलं किती आता सर्वांनाच ठाऊक आहे, तेही लिहीन.

तरुण पोरांना नादाला लावू नका, असंही तुम्ही लिहिलंत. माझा पुतण्या बावीस वर्षांचा आहे. त्याच्या हातात मी आधी वही देतो. सहा महिने फक्त लिहायचं, एक रुपयाही लावायचा नाही.

तुमच्या मित्राचं ते हस्तलिखित टाचण, ज्याच्या जोरावर त्यांनी दोन सीझन गाजवले म्हणता, ते मला खरंच बघायचं आहे. नोव्हेंबरमध्ये मुंबईचा सीझन सुरू झाला की महालक्ष्मीला या, टाचण घेऊन या. पहिली रेस सुटायच्या आत त्यातले घोडे तुम्ही सांगा, मी वहीत लिहितो.