तिकीट एकाचे, विमान दुसऱ्याचे आणि मधली रात्र कोणाचीच नाही

परदेशी जाणाऱ्या प्रवाशाला एका कंपनीच्या नावाने तिकीट विकायचे, प्रत्यक्षात दुसऱ्याच कंपनीच्या विमानात बसवायचे आणि दोन विमानांच्या मध्ये अख्खी रात्र ठेवायची, या व्यवहाराला माझा विरोध नाही. ती रात्र कोणाच्या जबाबदारीची आहे हे तिकीट विकताना सांगितले जात नाही, याला मात्र आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी महा ई-सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचा अर्ज हे माझे रोजचे काम. पण अलीकडे मोबाईलवर आलेली विमानाची तिकिटे छापून घेण्यासाठी आणि वेब चेक-इन करून घेण्यासाठी येणाऱ्यांची संख्या चांगलीच वाढली आहे. मुलगी किंवा सून परदेशात असते, तिकडे बाळंतपण असते आणि कापूस-सोयाबीनच्या पलीकडचा प्रवास फारसा न केलेले आईवडील पहिल्यांदाच विमानात बसणार असतात. तिकीट मुलाने तिकडूनच काढून पाठवलेले असते आणि त्यातील बारकावे समजावून सांगण्याचे काम माझ्या टेबलावर येऊन पडते.

कोडशेअर म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला समजावणे अवघड जात नाही. सातबाऱ्यावर नाव एकाचे असते आणि शेत मक्त्याने दुसराच वाहत असतो, तसाच हा प्रकार: उड्डाणाचा क्रमांक तिकीट विकणाऱ्या कंपनीचा, आणि विमान, वैमानिक, कर्मचारी दुसऱ्या कंपनीचे. त्यामुळे एकाच विमानाला दोन, कधी तीन-चार क्रमांकही असतात. नागपूरहून निघणाऱ्याला ही भानगड सहसा टाळता येत नाही, कारण नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून थेट परदेशी जाणारी विमाने मोजकी आहेत. मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते आणि तो पहिला टप्पा भारतीय कंपनीच्या विमानानेच होतो. एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी स्टार अलायन्स या समूहात गेली आणि त्यातील लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स यांच्याशी तिचे कोडशेअर आहे. इंडिगो अशा समूहात नाही, तरी तिचे परदेशी कंपन्यांशी स्वतंत्र करार आहेत. म्हणून तिकिटावर परदेशी कंपनीचे नाव ठळक आणि त्याखाली ‘ऑपरेटेड बाय’ अशी मुंगीएवढ्या अक्षरांतील ओळ असते.

प्रवाशाने कुठे उभे राहायचे, हे त्या ओळीवर ठरते. चेक-इन होते ते विमान उडवणाऱ्या कंपनीच्या काउंटरवर, तिकीट विकणारीच्या नव्हे. नागपूरच्या टर्मिनलमध्ये ज्या परदेशी कंपनीच्या नावाची पाटीच नाही, ती पाटी शोधत बॅगांची ढकलगाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत नेणारी माणसे मी पाहिली आहेत. विचारायला भीड वाटते, आणि विचारले तरी ज्या नावाने विचारतात त्या नावाचे विमान तिथे नसते.

वेब चेक-इनचीही तीच गत. तिकिटावर सहा अक्षर-अंकांचा पीएनआर असतो, तो बहुधा विकणाऱ्या कंपनीच्या प्रणालीतला. विमान उडवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकला की अनेकदा ‘बुकिंग सापडले नाही’ असे उत्तर येते आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहरा उतरतो. तिकीट खोटे निघाले की काय, अशी शंका त्याला येते. तिकीट खरेच असते. दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीत त्याच आरक्षणाला वेगळा पीएनआर पडलेला असतो आणि तो फोन करून मिळवावा लागतो. तेरा अंकी तिकीट क्रमांक मात्र दोन्हीकडे चालण्याची शक्यता अधिक असते. त्याचे पहिले तीन अंक तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात, जसे एअर इंडियाचे ०९८ आणि लुफ्तान्साचे २२०. मी आता पीएनआरच्या आधी तोच क्रमांक पाहतो.

हा झाला एका विमानाचा विचार. मध्ये रात्र आली की गुंता वाढतो, आणि त्याची सुरुवात बॅगेच्या पट्टीपासून होते. सामान काउंटरवर दिले की मुठीला कागदी पट्टी गुंडाळतात आणि तिचा लहान तुकडा बोर्डिंग पासला चिकटवून देतात. त्यावर तीन अक्षरे मोठी छापलेली असतात, ती बॅग कोणत्या विमानतळापर्यंत जाणार त्याची. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असले आणि दोन कंपन्यांत तसा करार असला तर नागपूरच्या काउंटरवरच शेवटच्या ठिकाणाची पट्टी लागते आणि दोन्ही बोर्डिंग पास हाती पडतात. पण मुक्काम लांबला की काही वेळा पट्टी मुंबईपर्यंतचीच लावतात. दुसऱ्या विमानाचे चेक-इन तोवर उघडलेले नसेल, तर दुसरा बोर्डिंग पासही मिळत नाही. कोणाचे चेक-इन ४८ तास आधी उघडते, कोणाचे २४ तास आधी.

‘भाऊ, ब्याग मुंबईले काढाची का थेट तिकडंच भेटते?’ हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला आहे, तितका दुसरा कोणताही नाही. त्याचे खात्रीचे उत्तर माझ्यापाशी नसते, मुलाकडे नसते आणि बरेचदा तिकीट विकणाऱ्या कंपनीच्या फोनवर बोलणाऱ्यापाशीही नसते. आणि याच उत्तरावर प्रवाशाची रात्र ठरते. पट्टी शेवटपर्यंतची असेल आणि दुसरा पास हातात असेल, तर माणूस इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी उरकून आत बसू शकतो. पट्टी मुंबईपर्यंतची असेल तर बॅग पट्ट्यावरून उचलायची, बाहेर पडायचे आणि प्रस्थानाच्या दाराशी पुन्हा उभे राहायचे. तिथे तिकीट आणि ओळखपत्र पाहूनच आत सोडतात, विमानाला फार अवकाश असेल तर सोडतीलच असे नाही, आणि आत सोडले तरी परदेशी उड्डाणाचा काउंटर साधारण तीन-चार तास आधी उघडतो. सरगुंडे, जवसाची चटणी आणि बाळंतिणीचे डिंकाचे लाडू भरलेल्या दोन जड बॅगा, साठी ओलांडलेली दोन माणसे आणि दुपारचे विमान, एवढे धरून पहाटेपर्यंतचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

मुंबईत त्यात टर्मिनलची भर पडते. परदेशी विमाने सहारच्या टर्मिनल २ वरून सुटतात, पण देशांतर्गत विमान टर्मिनल १ लाही उतरू शकते आणि या दोहोंमधले अंतर रस्त्याने जावे लागते. आता नवी मुंबईचा विमानतळही आहे. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. तिकिटावर दोन्ही ठिकाणी ‘मुंबई’ हा शब्द दिसला म्हणून निश्चिंत होण्याचे दिवस गेले. बीओएम (मुंबईचा जुना विमानतळ) लिहिले आहे की एनएमआय (नवी मुंबई), हे पाहिलेच पाहिजे. तारखेचाही घोळ होतो. १५ तारखेला रात्री बारा चाळीसचे विमान म्हणजे १४ च्या संध्याकाळीच विमानतळावर हजर असणे, हे आमच्याकडे चार-चार वेळा सांगावे लागते.

माझ्या परिचयातील दारव्हा तालुक्यातल्या एका जोडप्याला या सगळ्याचा अनुभव आला. तिकीट परदेशी कंपनीचे, पहिला टप्पा संध्याकाळचा आणि दुसऱ्या कंपनीच्या विमानाचा, पुढचे विमान दुसऱ्या दिवशी दुपारी. निघण्याच्या आधी मी स्वतः फोन लावला. विकणाऱ्या कंपनीने सांगितले की बॅगेचे विमान उडवणारी कंपनी ठरवेल. उडवणाऱ्या कंपनीने सांगितले की तिकीट त्यांचे नाही, ज्यांनी दिले त्यांना विचारा. नागपूरला पट्टी मधल्या शहरापर्यंतचीच लागली. तिथे रात्री अकराला बॅगा उचलून ते दोघे प्रस्थानाच्या दाराशी गेले, तर विमानाला वेळ आहे म्हणून आत सोडले नाही. हॉटेलविषयी तिकिटावर अवाक्षर नव्हते आणि फोनवर कोणी हो किंवा नाही म्हणायला तयार नव्हते. सकाळपर्यंत ते आगमन कक्षाबाहेरच्या लोखंडी बाकावर बसून होते, आणि मावशींनी दोन्ही बॅगांच्या मुठींतून ओढणी ओवून तिचे टोक मनगटाला बांधून ठेवले होते. दाराशी उभ्या असलेल्या जवानाचा यात दोष नाही. तो त्याचा नियम पाळत होता. दोष आहे तो असे तिकीट रीतसर विकून त्यातील रात्रीविषयी मौन पाळणाऱ्यांचा.

काही विमान कंपन्या लांब मुक्काम असेल आणि त्याहून जवळचे दुसरे विमान उपलब्ध नसेल तर स्वतःच्या खर्चाने हॉटेल देतात, हे खरे आहे. परंतु त्याच्या अटी प्रत्येकीच्या वेगळ्या असतात आणि ते बहुधा आधी मागून घ्यावे लागते. काउंटरवर जाऊन मागितले तर मिळेल या भरवशावर राहू नये. परदेशात मुक्काम असेल तर व्हिसाचा प्रश्नही येतो, कारण विमानतळाच्या आत थांबण्याची परवानगी आणि शहरात जाऊन झोपण्याची परवानगी या दोन वेगळ्या बाबी आहेत.

व्हीलचेअरविषयी थोडे अवांतर सांगतो. आमच्याकडचे अनेक आईवडील पाय धडधाकट असूनही व्हीलचेअर मागतात, कारण ढकलणारा माणूस त्यांना बरोबर दारापर्यंत नेऊन सोडतो आणि इंग्रजी बोलावे लागत नाही. याला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. मी ठेवत नाही. पाट्या वाचता येत नसतील तर दुसरा उपाय काय आहे, हे आधी सांगावे. मात्र कोडशेअरमध्ये विकणाऱ्या कंपनीकडे नोंदवलेली व्हीलचेअर उडवणाऱ्या कंपनीकडे पोहोचतेच असे नाही, म्हणून ती दोन्हीकडे नोंदवून घ्यावी.

परतीचा घोळ याच्या उलट असतो. बॅगेवर नागपूरची पट्टी असते, म्हणून माणूस मोकळ्या हाताने पुढे जातो. परंतु परदेशातून येणाऱ्याचे इमिग्रेशन आणि कस्टम साधारणपणे भारतातील पहिल्याच विमानतळावर होते, आणि त्यासाठी बॅग तिथे उचलून पुन्हा जमा करावी लागते. अमेरिकेत उतरतानाही तोच नियम आहे. शिकागोला उतरून पुढे जाणाऱ्याला बॅग शिकागोलाच घ्यावी लागते.

यावर आमच्याकडची तरुण मंडळी म्हणतात की एवढी कटकट कशाला, समृद्धीने गाडी करून थेट मुंबई गाठावी. ५ जून २०२५ रोजी तो ७०१ किलोमीटरचा महामार्ग पूर्ण खुला झाल्यापासून हा विचार वाढला आहे. काही जण नागपूर-मुंबईचे स्वस्त तिकीट वेगळे काढतात. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ पासून मुंबईचे विमान सुरू झाल्याने तोही पर्याय झाला आहे. मला हे दोन्ही सल्ले वयस्कर माणसांसाठी पटत नाहीत. तिकिटे वेगवेगळी असली की पहिले विमान उशिरा पोहोचल्यामुळे दुसरे चुकले तर त्याचे नुकसान सर्वस्वी प्रवाशाचे. एकाच तिकिटावर असले तर पुढच्या विमानात बसवून देणे कंपनीला भाग असते. कोडशेअरचा हा फायदा मोठा आहे आणि म्हणूनच त्याला नाके मुरडू नयेत. तक्रार आहे ती इतकीच की पैसे घेताना दोन कंपन्या एक होतात आणि उत्तर देताना त्यांच्या दोन होतात.

कायद्याने तसे होता येत नाही. परदेशी विमान प्रवासातील भरपाईविषयीचा १९९९ चा माँट्रियल करार भारताला २००९ पासून लागू आहे आणि त्यात प्रवाशाशी करार करणारी, म्हणजे तिकीट विकणारी कंपनी व प्रत्यक्ष नेणारी कंपनी या दोघींवर जबाबदारी टाकलेली आहे. भरपाई कोणाकडे मागायची हे प्रवासी ठरवतो. प्रवासाच्या एकाच कराराखालील परदेश प्रवास असेल तर त्यातला नागपूर-मुंबई हा टप्पाही त्यातच मोडतो. बॅग फुटली असेल तर ती मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिरा मिळाली असेल तर एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. विमानतळ सोडण्याआधीच नोंद करून तिची प्रत घेतलेली बरी, कारण आमची माणसे दीडशे किलोमीटर गाडीने घरी येतात, दोन दिवस झोपतात, पाहुण्यांना भेटतात आणि मग बॅग उघडतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे कंपनीचे कार्यालय कुठेही असो, यवतमाळचा माणूस यवतमाळलाच दाद मागू शकतो.

पण भांडण झाल्यावरचा हा इलाज झाला. युरोपीय संघाने २००५ सालीच असा नियम केला की प्रत्यक्ष विमान कोणाचे आहे हे आरक्षण करतानाच प्रवाशाला कळवले पाहिजे. माझी मागणी त्याच्या एक पाऊल पुढची आहे. ज्या तिकिटात दोन कंपन्या आणि मधली रात्र आहे, त्याच्या पहिल्याच पानावर प्रवाशाने निवडलेल्या भाषेत, मराठीतसुद्धा, कोणत्या कंपनीच्या काउंटरवर जायचे, तिचा पीएनआर कोणता, बॅग कुठे मिळणार आणि रात्री थांबण्याची सोय कोण करणार हे छापलेले असावे. सोय प्रवाशानेच करायची असेल तर तसे स्पष्ट लिहावे. निदान तिकीट काढणारा मुलगा दोन हजार रुपये वाचवण्याआधी विचार तरी करेल.

तोवर ज्यांच्या घरी या उन्हाळ्यात कोणी जाणार असेल त्यांनी निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, तर आठवडाभर आधी तिकीट घेऊन यावे. दुसरा पीएनआर मिळवायला आणि बॅगेविषयीचे उत्तर ईमेलवर लेखी मागवायला तेवढा वेळ लागतो, आणि ते लेखी उत्तर छापून सोबत ठेवले तर नागपूरच्या काउंटरवर पट्टी लागण्याआधी दाखवता येते.