सांगलीच्या व्यासपीठावर सांगलीचेच वेब डेव्हलपर हवेत

सांगलीत वेबसाइट बनवणाऱ्यांची एक दिवसाची कॉन्फरन्स घ्यायची का, यावरून आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले काही आठवडे चांगलीच जुंपली आहे. लॉकडाऊनमध्ये घरून काम करायला आलेले आणि मग तिथेच राहिलेले बरेच डेव्हलपर विश्रामबाग, मिरज, कुपवाड भागात आहेत. शहरात वेबसाइट करणाऱ्या छोट्या एजन्सी आहेत, आणि दरवर्षी इंजिनिअरिंगची नवी बॅच बाहेर पडते. या सगळ्यांनी एक दिवस एकत्र यावं, आपापल्या कामाबद्दल बोलावं, एवढीच कल्पना. त्यावर तीन हरकती आल्या. सगळं यूट्यूबवर आहे, मग हॉल कशाला? मोठं नाव नसेल तर कोण येणार? आणि मराठीत बोललो तर ते प्रोफेशनल वाटेल का?

मी बर्लिनमध्ये फ्रंटएंडचं, म्हणजे वेबसाइटचा वापरणाऱ्याला दिसणारा भाग बनवायचं काम करते. इथल्या कॉन्फरन्सना जाते, संधी मिळते तेव्हा बोलतेही. त्यामुळे ग्रुपवर 'तिकडे कसं असतं?' हा प्रश्न फिरून माझ्याकडेच येतो. माझं म्हणणं असं की कॉन्फरन्स सांगलीत जरूर व्हावी, पण बाहेरचा पाहुणा बोलावून नव्हे. सांगलीत बसून जे काम करतात त्यांनीच बोलावं, आणि मराठीत बोलावं.

यूट्यूबचा मुद्दा खोटा नाही. रायन डाल यांनी ८ नोव्हेंबर २००९ रोजी बर्लिनच्या जेएसकॉन्फ ईयू या जावास्क्रिप्टच्या कॉन्फरन्समध्ये नोड (जावास्क्रिप्ट ही वेबची भाषा सर्व्हरवर चालवणारं त्यांचं सॉफ्टवेअर) पहिल्यांदा मोठ्या श्रोतृवर्गापुढे मांडलं, ते भाषण आजही घरबसल्या बघता येतं. २०१८ साली ते पुन्हा त्याच कॉन्फरन्समध्ये उभे राहिले आणि नोडमधल्या आपल्याला खुपणाऱ्या दहा गोष्टी एकेक करून सांगितल्या, शेवटी डेनो हा नवा प्रकल्प दाखवला. तेही बघता येतं. पण बघताना आपल्याला मधेच हात वर करता येत नाही.

बर्लिनमधल्या एका छोट्या मीटअपमध्ये एक जण स्वतः तयार केलेला टेबलचा कंपोनंट, म्हणजे वेबपानावर वापरायचा तक्ता, दाखवत होता. दिसायला सुरेख, माउस नेला की ओळ उजळायची. मागच्या रांगेतल्या एका अंध डेव्हलपरने विचारलं, लिंक देता का? त्याने लॅपटॉप उघडला, स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरचा आवाज मोठा केला आणि सगळ्यांना ऐकवलं. त्या सुरेख टेबलमधल्या प्रत्येक चौकटीवर यंत्र नुसतं 'क्लिकेबल, क्लिकेबल' म्हणत होतं. कोणत्या रांगेत आहोत, कोणत्या स्तंभात आहोत, काही कळत नव्हतं. वक्त्याने स्लाइड्स बाजूला ठेवल्या, कोड उघडला आणि उरलेला वेळ दोघांनी मिळून तो टेबल सुधारला. डिव्ह नावाच्या नुसत्या चौकटी काढून तक्त्यासाठीचा खरा टेबल टॅग वापरला, कोणतं शीर्षक कोणत्या स्तंभाचं हे सांगणारा स्कोप दिला, तसा आवाजात फरक पडत गेला. ॲक्सेसिबिलिटीवरचे, म्हणजे अपंगांनाही वापरता येतील अशा वेबसाइट करण्यावरचे कितीतरी व्हिडिओ मी त्याआधी पाहिले होते, पण ही गोष्ट मनात पक्की बसली ती त्या खोलीत. हॉल लागतो तो यासाठी.

दुसरी हरकत, मोठ्या नावाची, मला जास्त काळजीची वाटते, कारण तिच्यात आपली सवय बोलते. आपल्याकडे कार्यक्रम म्हटला की आधी अध्यक्ष ठरतो, मग प्रमुख पाहुणे, मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय. यात सकाळ संपते आणि ज्याला खरं काही सांगायचं आहे त्याला जेवणाआधीची वीस मिनिटं मिळतात. कॉलेजमधल्या 'नॅशनल कॉन्फरन्स'मध्ये तर पेपर छापून येणं महत्त्वाचं, ऐकणारे असले काय आणि नसले काय.

बर्लिनकडची एक पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे. कॉन्फरन्सच्या काही महिने आधी जाहीर आवाहन निघतं. ज्याला बोलायचं आहे त्याने विषय आणि एक-दोन परिच्छेद लिहून पाठवायचे. निवड करणारे पहिल्या फेरीत नावं झाकून वाचतात, म्हणजे कोण कुठल्या कंपनीत आहे, किती प्रसिद्ध आहे, हे आड येत नाही. जेएसकॉन्फ ईयूने २०१२ साली असंच केलं, शिवाय स्त्रियांना मुद्दाम गाठून 'तुम्ही प्रस्ताव पाठवा' असं सांगितलं. त्या वर्षी वक्त्यांमध्ये एक चतुर्थांश स्त्रिया होत्या. माझ्या मते यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षाही महत्त्वाची. लग्नानंतर सांगलीत येऊन घरून कंपनीचं काम करणाऱ्या माझ्या किती मैत्रिणी आहेत! कामात पुण्यातल्या कोणाहूनही कमी नाहीत. पण आपणहून 'मी बोलते' असं त्या म्हणणार नाहीत. त्यांना फोन करावा लागेल, आणि एकदा 'नाही' म्हणाल्या तर पुन्हा करावा लागेल.

इथलं सगळंच घ्यावं असं मात्र मी म्हणणार नाही. व्यावसायिक कॉन्फरन्सचं तिकीट कित्येक शे युरो असतं. कंपनीने पैसे भरले तरच बहुतेक जण जातात. तेच ते वक्ते तीच भाषणं घेऊन शहरोशहरी फिरताना दिसतात. स्पॉन्सरला स्टेज दिलं की भाषणाची जाहिरात होते. आणि भारतातून येणाऱ्याचे हाल वेगळेच. मिरजेच्या एका मित्राचं भाषण युरोपातल्या एका कॉन्फरन्सने निवडलं, तिकीट-हॉटेलची तयारी दाखवली. व्हिसा हातात पडला तेव्हा कॉन्फरन्स होऊन गेली होती. युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि अर्ज नाकारला गेला तरी ती परत मिळत नाही. त्या मित्राने महिनाभर रात्री जागून तयार केलेलं भाषण अजून कोणीही ऐकलेलं नाही. ते सांगलीत का होऊ नये?

शिवाय सगळीकडे महागच असतं असंही नाही. ब्रसेल्सला दरवर्षी थंडीत विद्यापीठाच्या आवारात फॉसडेम ही मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची कॉन्फरन्स भरते. तिकीट नाही, नावनोंदणी नाही, स्वयंसेवकांच्या जिवावर चालते, आणि हजारो लोक येतात. सांगलीत आयटी पार्क कधी होईल ते सरकार आणि एमआयडीसीच्या हातात आहे. कॉन्फरन्सला मात्र एक हॉल, एक प्रोजेक्टर आणि दुपारचं जेवण पुरतं.

आता मराठीचं. आपल्याच गावात हा प्रश्न एकदा सुटलेला आहे. कर्नाटकातून खेळ करणारी भागवत मंडळी सांगलीला आली, त्यांचे खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत काही करायला सांगितलं, आणि १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' हे नाटक उभं राहिलं. रीत बाहेरून आली, पण बोलणं आपलं होतं. दरवर्षी ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, आपण त्याचीच आठवण काढतो. वेबच्या बाबतीतही हेच व्हायला हवं. ब्राउझर, सर्व्हर, कॅश (cache) हे शब्द आपण रोज मराठी वाक्यात वापरतोच, त्यांना प्रतिशब्द शोधत बसायची गरज नाही. पण 'हे का बिघडलं?' हे माणूस आपल्या भाषेत जास्त नेमकं विचारतो. इंग्रजीत प्रश्न जमवता जमवता हात खाली घेणारी मुलं मी कॉलेजात पाहिली आहेत. हुशार मुलं होती ती.

आणि विषय? सांगलीकडे असे विषय आहेत जे बर्लिनमध्ये मला कोणी सांगू शकणार नाही. गावातल्या डीटीपीवाल्यांकडे वर्षानुवर्षांचा मजकूर श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-सॉफ्टवेअरमध्ये पडून आहे. पतसंस्थेचा अहवाल, दिवाळी अंक, शाळेची स्मरणिका. ते वेबसाइटवर चढवायचं तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीत आणावं लागतं, आणि कन्व्हर्टर कितीही चांगला असला तरी रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात. हे काम रोज करणारी माणसं सांगलीत आहेत, त्यांनी अर्धा तास बोलावं. तासगावच्या बेदाण्याचा किंवा मार्केट यार्डातल्या हळदीचा भाव दाखवणारं पान कोल्ड स्टोरेजच्या जाड भिंतींआड, रेंज नसताना कसं उघडायचं, नेट नसतानाही पान दाखवू शकणारा ब्राउझरमधला सर्व्हिस वर्कर तिथे कितपत साथ देतो आणि शिळा भाव ताजा समजून कोणी व्यवहार करू नये म्हणून पानावर काय लिहायचं, हा तर अव्वल दर्जाचा वेबचा प्रश्न आहे. हे भाषण मी बर्लिनहून खास ऐकायला येईन.

आणखी एक विषय माझ्या जिव्हाळ्याचा. 'कृष्णा' हा शब्द जावास्क्रिप्टला मोजायला सांगा, उत्तर ६ येतं. आपल्याला दिसतात दोन अक्षरं. अर्जावर 'जास्तीत जास्त २० अक्षरं' असं लिहिलेलं असतं आणि मराठी नाव मधेच तुटतं, त्याचं मूळ हे. अक्षरांचे गट पाडायचा युनिकोडचा जुना नियमसुद्धा 'कृष्णा'चे तीन तुकडे करायचा, कारण ष् आणि णा तो वेगळे धरायचा. युनिकोडच्या २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं एकत्र धरायचा नियम आला. तो नियम तुमच्या फोनवरच्या ब्राउझरपर्यंत पोचला का, हे हॉलमध्ये शंभर जणांनी एकदम आपापल्या फोनवर तपासलं तर त्यातून निघणारी माहिती वेबची आणि युनिकोडची मानकं ठरवणाऱ्यांच्याही कामाची असेल.

ग्रुपवर एकच गोष्ट अजून अडली आहे, ती प्रवेशशुल्काची. काही जण म्हणतात फुकट ठेवा, नाहीतर विद्यार्थी येणार नाहीत. मला ते पटत नाही. फुकट नोंदणी केलेले निम्मे लोक सकाळी येत नाहीत आणि जेवण वाया जातं, हा बर्लिनच्या मीटअपवाल्यांचाही नेहमीचा अनुभव आहे. जेवणापुरते पैसे घ्यावेत, आणि ज्याला तेवढेही जड जातील त्याने एक ओळीचा मेसेज करावा, कारण विचारू नये, जागा द्यावी. बोलणाऱ्यांकडून अर्थातच काही घेऊ नये. तासगाव, इस्लामपूर, जतहून येणाऱ्या वक्त्याचं एसटीचं भाडं आधी हातावर ठेवावं, नंतर बिल मागून नव्हे. तेवढ्या पैशांची जबाबदारी परदेशात असलेल्या आम्ही माजी विद्यार्थ्यांनी घ्यायची ठरवलं आहे. प्रस्ताव वाचायला मी रोज संध्याकाळी मोकळी आहे. तेव्हा सांगलीत रात्रीचे दहा-अकरा वाजलेले असतात, पण डेव्हलपर जागेच असतात.