कुऱ्हाडीचा दांडा, गोतास काळ

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास खान्देशात काहीही वाळतं. पापड, कुरडया, धुणं, माणसं. वाळत नाही तो फक्त अळशीचं तेल लावलेला दांडा, कारण त्याला नुसतं ऊन पुरत नाही, हवा लागते आणि त्याहून जास्त लागतो एकांत, जो लेकीबाळी माहेरी आलेल्या आमच्या घरात मिळणं शक्यच नाही.

दांडा बाभळीचा, बाबांच्या कुऱ्हाडीचा. 80 चा पॉलिश पेपर, मग 120, मग 220, मग त्यावर ओला फडका फिरवायचा म्हणजे लाकडाचे रेषे उभे राहतात, आणि वाळले की परत घासायचे. आत्या ओट्यावरून हे सगळं बघत होती. "आधी गुळगुळीत केला, मग खडबडीत केला, आता परत गुळगुळीत. तुला पगार कोण देतं रे याचा?"

रंगासाठी जुने खिळे व्हिनेगरमध्ये भिजत घातलेले. बाभळीत टॅनिन असतं (उगाच नाही तिच्या सालीनं कातडी कमावत), त्यामुळे ते गढूळ पाणी लावलं की लाकूड बघता बघता काळपट होतं. रंग आधी, तेल नंतर, कारण तेल पिलेलं लाकूड मग रंग घेत नाही. मला वाटलं कोणीतरी वा म्हणेल. आईनं बाटली हुंगली आणि एवढंच विचारलं, "हे माझ्या लोणच्याचं व्हिनेगर का?"

मग तेल. बाबांचं म्हणणं, तेल ते तेल, शेंगदाण्याचं लाव, घरात डबा भरलेला आहे. आता शेंगदाण्याचं तेल पुढच्या अखाजीपर्यंत वाळायचं नाही हे त्यांना कोण सांगणार? मी पेंटच्या दुकानातून डबल बॉइल अळशीचं आणलं, पातळ हात दिला, जास्तीचं पुसून घेतलं आणि दांडा ओसरीत टांगला.

आणि अंगठे सुरू झाले. येणारा प्रत्येक माणूस "वाळना का रे भाऊ?" विचारतो आणि उत्तराची वाट न बघता अंगठा दाबतो. मोठ्या दाजींनी दाबला, भाच्यांनी दाबले, दूधवाल्यानं दाबला, आत्यानं तर दाबून वर तो अंगठा माझ्याच टॉवेलला पुसला. पुरणपोळीला कोणी असं दाबून बघत नाही.

त्यात तेलाच्या चिंध्या. वाळताना हे तेल तापतं, बोळा करून टाकली तर चिंधी आपोआप पेटू शकते, म्हणून मी त्या पाण्याच्या बादलीत बुडवल्या. सगळे हसतील असं वाटलं होतं, पण 44 डिग्रीत कोणालाच नवल वाटलं नाही. आत्या म्हणाली, "या उन्हात माणूस पेटंल, चिंधीचं काय घेऊन बसला."

शेवटी पोरी सासरी गेल्या आणि दांडा वाळला. हातात धरला की ना चिकट ना निसरडा, वार्निशसारखा फोड आणणारा तर नाहीच. दाजी निघताना म्हणाले होते, "आमच्याकडे कुदळ, टिकाव, फावडी, सगळ्यांचे दांडे खराब झालेत, पुढच्या वेळी घेऊनच येतो."

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "आणा की, तो काय, रिकामाच असतो."