पहाटे तीनची जाग आणि बदनाम झालेले कॉर्टिसॉल

‘पहाटे तीनला जाग येते? सावध व्हा!’ अशा मथळ्याचा एक मजकूर गेले काही महिने आमच्या नातेवाइकांच्या, सोसायटीच्या आणि जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटांवर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतो आहे. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: शरीराची दुरुस्ती करणारी संप्रेरके, म्हणजे हॉर्मोन्स, रात्री दहा ते दोन या चार तासांतच स्रवतात, त्यामुळे दोननंतरची झोप वाया जाते, पहाटे तीनला जाग येणे हे कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारे संप्रेरक, ‘उसळल्याचे’ लक्षण आहे, ते उसळते, कारण ताणामुळे ते बनवणाऱ्या अधिवृक्क म्हणजे ॲड्रिनल ग्रंथी थकलेल्या असतात आणि त्यांना पूरक औषधांनी ताजेतवाने करावे लागते, झोपेसाठी घेतले जाणारे मेलाटोनिन हे संप्रेरक शरीरातच तयार होते, तेव्हा ते रोज घ्यायला हरकत नाही, पाळी गेलेल्या बायकांनी मात्र संप्रेरकांच्या गोळ्यांना हात लावू नये, कारण त्यांनी कर्करोग होतो, आणि चाळिशीनंतर प्रत्येकाने दरवर्षी ‘संपूर्ण हॉर्मोन प्रोफाइल’ करून घ्यावे. शेवटी अर्थातच हे दहा जणांना पाठवण्याची विनंती.

मी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते, आणि असल्या मजकुरांना उत्तर देत बसण्याची मला सवय नाही. परंतु हा मजकूर माझ्या 58 वर्षांच्या मावशीने पाठवला, आणि सोबत ‘अगं, रोज तीनच्या ठोक्याला डोळे टक्क उघडतात, हे कॉर्टिसॉलच असणार’ असे लिहून एका डबीचा फोटोही जोडला. डबीवर ‘ॲड्रिनल सपोर्ट’ असे छापलेले होते आणि ती अर्धी संपलेली होती. त्यामुळे एकेक मुद्दा घेऊन लिहिणे भाग आहे.

दहा ते दोनच्या दाव्यात सत्याचा अंश आहे आणि म्हणूनच तो चटकन पटतो; ‘लवकर निजे, लवकर उठे’ ऐकत वाढलेल्या माणसांना तर तो घरचाच वाटतो. वृद्धिसंप्रेरकाचा दिवसातला सर्वांत मोठा स्राव रात्री होतो, हे खरे आहे. तो मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून होत नाही. 1968 साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे ताकाहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या तरुणांच्या रक्ताचे नमुने रात्रभर ठरावीक अंतराने घेतले, तेव्हा हा स्राव झोप लागल्यानंतरच्या पहिल्या गाढ टप्प्याबरोबर येतो असे दिसले. आणि झोपण्याची वेळ काही तास पुढे ढकलली तेव्हा स्रावही तेवढाच पुढे सरकला. म्हणजे कोणी साडेबाराला झोपत असेल, तर त्याचे वृद्धिसंप्रेरक दहा वाजता येऊन, दार बंद पाहून परत जात नाही. शिवाय दोननंतरची झोप वाया जाते म्हणावे, तर स्वप्नांच्या झोपेचा मोठा हिस्सा त्याच उत्तररात्री असतो, त्याचे काय करायचे?

यातून झोपेच्या वेळेला काहीच महत्त्व नाही, असाही निष्कर्ष कोणी काढू नये. रात्रपाळी करून सकाळी आठला अंथरुणाला पाठ टेकणाऱ्या परिचारिकेचे वृद्धिसंप्रेरक तिच्या झोपेबरोबर येते. कॉर्टिसॉल आणि मेलाटोनिन मात्र जुन्याच वेळापत्रकाला चिकटून राहतात, आणि म्हणून तिची दिवसाची झोप तोकडी व सावध राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आहे, 2007 मध्ये आणि फेरविचारानंतर पुन्हा 2019 मध्ये. तेव्हा वेळ महत्त्वाची आहेच. प्रश्न आहे तो शरीरातले घड्याळ आणि आपली झोप यांचा मेळ बसतो की नाही, एवढाच; दहा आणि दोन या आकड्यांत काही जादू नाही.

आता कॉर्टिसॉल. कॉर्टिसॉलचा एखादा प्रयोगशाळेतला अहवाल नीट पाहिला, तर त्यावर बहुधा दोन सामान्य मर्यादा छापलेल्या दिसतात: सकाळी आठच्या नमुन्यासाठी एक, साधारण 5 ते 25 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, आणि दुपारी चारच्या नमुन्यासाठी दुसरी, जवळजवळ निम्मी. एकाच निरोगी माणसात, एकाच दिवशी हा आकडा इतका बदलतो, हे त्या कागदावरच लिहिलेले असते. मध्यरात्रीच्या सुमारास कॉर्टिसॉल तळाला जाते, दोन-तीनच्या सुमारास चढू लागते, नेहमीच्या उठण्याच्या वेळेच्या आसपास शिखर गाठते आणि जाग आल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात आणखी एक उडी घेते. पहाटे तीनला कॉर्टिसॉल वाढत असते, हे मजकुरातले विधान म्हणूनच अगदी बरोबर आहे. ते माझेही वाढते, तुमचेही वाढते आणि शेजारच्या खोलीत ढाराढूर झोपलेल्याचेही वाढते. सर्वांत सारखीच असणारी गोष्ट काही जणांनाच येणाऱ्या जागेचे कारण कशी ठरेल?

तीनची जाग येण्याचे कारण बहुतेकदा साधे असते. गाढ झोपेचा बहुतांश वाटा रात्रीच्या पहिल्या तीन-चार तासांत संपतो, पुढची झोप हलकी असते, आणि साधारण दीड-दीड तासाच्या आवर्तनांच्या सांध्यावर आपण सगळेच क्षणभर जागे होतो. पूर्वरात्री ज्या आवाजाने, उकाड्याने किंवा चिंतेने कूसही बदलली नसती, त्याने उत्तररात्री डोळे उघडतात. रात्री मद्य घेतले असेल, तर त्याची गुंगी ओसरण्याची वेळही हीच असते. मग माणूस मोबाइल उचलून वेळ पाहतो, तीन वाजलेले दिसतात, आणि तो आकडा तेवढा लक्षात राहतो. दोन चाळीसला किंवा चार दहाला आलेली जाग कोणी मोजत नाही.

दीर्घकाळ निद्रानाश असलेल्या काही जणांत संध्याकाळचे व रात्रीचे कॉर्टिसॉल इतरांपेक्षा जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु कार्य कोणते आणि कारण कोणते, हा प्रश्न तिथेच सुरू होतो, कारण मध्यरात्री जागे केल्यानेही कॉर्टिसॉल स्रवते. उलट दिशेचा पुरावा तर प्रयोगांतून आला आहे. 1999 साली शिकागो विद्यापीठातल्या एका प्रयोगात 11 निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे संध्याकाळचे कॉर्टिसॉल वाढले आणि रक्तातली साखर हाताळण्याची क्षमता घसरली. त्याच विद्यापीठात 2011 साली 10 तरुणांना आठवडाभर रोज पाच तास झोपवले, तेव्हा त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी उतरले. प्रयोग लहान आहेत, त्यांचे आकडे सर्वांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण त्यांत आधी झोप कापली गेली आणि मग संप्रेरके बदलली, हा क्रम निःसंदिग्ध आहे. मजकूर हा क्रम उलटा लावतो. मग माणूस झोपेचे काय झाले ते पाहण्याऐवजी संप्रेरकाचे औषध शोधू लागतो आणि डबी विकली जाते.

डबीवर ज्या ‘थकलेल्या ॲड्रिनल’चे नाव असते, तो आजार वैद्यकशास्त्रात नाही. 2016 साली ब्राझीलच्या दोन अंतःस्रावतज्ज्ञांनी या विषयावरचे 58 अभ्यास तपासले आणि अशी काही अवस्था असल्याचा पुरावा नाही, असे शीर्षकातच लिहून टाकले. ॲड्रिनल ग्रंथी निकामी होण्याचा खरा आजार मात्र आहे आणि तो गंभीर आहे. थॉमस ॲडिसन यांनी 1855 मध्ये त्याचे वर्णन केले, आणि क्षयरोग हे त्याचे तेव्हाचे मोठे कारण भारतात अजूनही हद्दपार झालेले नाही. त्यात वजन उतरते, रक्तदाब घसरतो, मीठ खावेसे वाटते, तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळवंडतात. उपचार न झाल्यास जीव जाऊ शकतो. नुसत्या कंटाळ्याला आणि अपुऱ्या झोपेला या आजाराचे धाकटे भावंड ठरवणे म्हणजे ज्याला खरोखर तो आजार आहे त्याचे निदान लांबवणे होय.

पूरक औषधे निदान निरुपद्रवी तरी असतील, असे म्हणावे, तर तेही नाही. अमेरिकेत ‘ॲड्रिनल सपोर्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या 12 उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा सर्वांत थायरॉईडचे संप्रेरक सापडले आणि निम्म्याहून अधिक उत्पादनांत एखादे तरी स्टिरॉइड सापडले. वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता. आपल्याकडे गुडघेदुखीवर रामबाण म्हणून दिल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. कॉर्टिसॉल हेही एक स्टिरॉइडच; बाहेरून स्टिरॉइड येत राहिले की शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे कमी करते, आणि ती पुडी एकाएकी बंद केली की ॲड्रिनल खरोखरच कमी पडतात. थकवा घालवायला घेतलेल्या औषधाने थकव्याचे खरे कारण निर्माण व्हावे, हे फार महागात पडते.

मेलाटोनिनबद्दल थोडक्यात सांगायचे, तर ते झोपेचे औषध नसून अंधार पडल्याचा सांगावा आहे. उंदीर रात्री जागतो, तरी त्याचेही मेलाटोनिन रात्रीच वाढते. येल विद्यापीठातल्या ॲरन लर्नर यांनी 1958 साली ते गाईगुरांच्या मेंदूतल्या पीनियल ग्रंथींतून वेगळे केले, तेसुद्धा झोपेच्या नव्हे, त्वचेच्या रंगाच्या शोधात. दूर देशी प्रवास केल्यावर किंवा ज्याचे शरीरातले घड्याळ उशिरा चालते त्याला योग्य वेळी अल्प मात्रेत ते उपयोगी पडते. पण निद्रानाशावरच्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा झोप सरासरी सातच मिनिटे लवकर लागली. ‘शरीरातच तयार होते’ हा तर युक्तिवादच नव्हे, इन्सुलिनही शरीरातच तयार होते. कॅनडात 31 मेलाटोनिन उत्पादने तपासली, तेव्हा प्रत्यक्षातली मात्रा छापील मात्रेपेक्षा 83 टक्के कमीपासून 478 टक्के जास्तपर्यंत निघाली. त्यापेक्षा संध्याकाळी घरातला पांढरा लख्ख दिवा मालवणे बरे, कारण झोपण्यापूर्वीचा खोलीतला नेहमीचा उजेडसुद्धा मेलाटोनिन दाबून धरतो.

पाळी गेलेल्या स्त्रियांना दिलेल्या भीतीबद्दल मात्र मला खरोखर राग येतो. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरू लागले की मेंदूतल्या तापमान-नियंत्रकाची सहनमर्यादा अरुंद होते. रात्री शरीर किंचित तापले तरी तो घाम फोडतो, पांघरूण भिरकावले जाते, पंखा पाचवर जातो आणि दहा मिनिटांनी हुडहुडी भरते. रात्रीतून चारदा असे झाले, तर दुसऱ्या दिवशी चिडचिड होणारच. इथे संप्रेरक हे झोपमोडीचे खरे कारण आहे, आणि नेमके इथेच मजकूर ‘सहन करा’ म्हणतो.

कर्करोगाची भीती आली ती 2002 साली मध्येच थांबवलेल्या एका अमेरिकी चाचणीतून. तीत 16,608 स्त्रिया होत्या आणि त्यांचे सरासरी वय 63 होते. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बराच काळ लोटलेला होता. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-संप्रेरकासारखे औषध) एकत्र घेणाऱ्यांत दर 10,000 स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे आठ रुग्ण जास्त आढळले. गर्भाशय काढलेल्या आणि नुसते इस्ट्रोजेन घेतलेल्या स्त्रियांच्या वेगळ्या गटात ती वाढ दिसली नाही. साठीच्या आतल्या, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे झाली नाहीत अशा, आणि अशा उष्णतेच्या व घामाच्या झळांनी बेजार झालेल्या बहुतेक निरोगी स्त्रियांसाठी धोक्यापेक्षा लाभ जास्त, असे आजची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेलेल्यांसाठी हे औषध नाही, आणि ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी संप्रेरकविरहित औषधेही आहेत. हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञाशी बसून करायचा आहे, गटावरच्या लाल अक्षरांवरून नव्हे.

‘संपूर्ण हॉर्मोन प्रोफाइल’बद्दल एवढेच पुरे की, कॉर्टिसॉलसारखेच टेस्टोस्टेरॉनही सकाळी चढलेले असते आणि थायरॉईडला आज्ञा देणारे टीएसएच रात्री वाढते, त्यामुळे वेळ आणि लक्षणे न पाहता सरसकट घेतलेल्या वीस आकड्यांत एक-दोन ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यताच जास्त. वजन, थंडी-उष्णता, धडधड यांची तक्रार असेल, तर थायरॉईडची तपासणी जरूर करावी, कारण तो दोन्ही बाजूंना बिघडला तरी झोपेत व्यत्यय आणतो.

मावशीच्या बाबतीत डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न संप्रेरकांचा नव्हताच. जाग आल्यावर ती काय करते, असे त्यांनी विचारले, आणि ती म्हणाली की, लघवीला जाते. दुसरा प्रश्न काकांना होता: ही घोरते का? काका इतका वेळ अवघडून बसले होते. मग ते म्हणाले, ‘घोरते, आणि मध्येच एकदम शांत होते, तेव्हा मलाच भीती वाटते.’ झोपेची तपासणी झाली आणि रात्री श्वासमार्ग वारंवार बंद पडतो, असे निदान झाले. पाळी गेल्यानंतर स्त्रियांत हा त्रास वाढतो. बंद श्वासमार्गाविरुद्ध छाती जोर लावते, तेव्हा हृदयाकडे जास्त रक्त खेचले जाते, त्याचे वरचे कप्पे ताणले जातात, शरीरात पाणी फार झाले असे हृदयाला वाटते आणि ते एक संप्रेरक सोडून मूत्रपिंडांना लघवी वाढवायला सांगते. म्हणजे मावशीला उठवणाऱ्या साखळीत एक संप्रेरक होतेच, परंतु ते हृदयाचे होते; त्याचे नाव त्या मजकुरात कुठेही नाही आणि त्यावर डबीही निघालेली नाही. आता ती रात्री मास्क लावून झोपते, त्याच्या पट्ट्याबद्दल रोज कुरकुर करते, आणि तीनला उठल्याचे तिला आठवत नाही.